हात दाबून पुढे दिलेली प्रार्थना

आमच्या यांना अर्धांगाचा झटका आल्यापासून मला प्रार्थना येईनाशी झाली होती. डोक्यावर पदर घ्यायचा, गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, हे सगळं सवयीनं व्हायचं. पण त्यापुढे शब्द यायचा नाही. मिटल्या डोळ्यांपुढे यांचा लुळा हात यायचा, गोळ्यांच्या पट्ट्या यायच्या, आणि भिंतीकडे फिरवलेली यांची पाठ यायची. देव यायचा नाही. मग मी डोळे उघडून पदर खाली घ्यायची आणि कामाला लागायची. कुणाला सांगायची सोय नव्हती. ख्रिस्ती विश्वासातल्या बाईनं असं म्हणायचं नसतं, असं मला वाटायचं.

पुढे जे झालं त्याची साक्ष चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून दे, असं मला सगळ्याजणी म्हणतात. ते माझ्यानं होणार नाही. म्हणून इथे एकटीनं बसून लिहिते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पुढे धाकट्या भावंडांना सांभाळायला घरीच राहिले. पण लिहायचा मला कंटाळा नाही. लिहिताना समोर कोणी बघत नसतं.

मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. लग्न होऊन भोपाळला आले. हे इथल्या कारखान्यात फिटर होते. आमच्या मंडळीत मराठी घरं थोडीच आहेत. उपासना हिंदीत चालते, पण शेवटी एक मराठी गीत होतं ते यांच्यामुळे. पेटी यांचीच आणि आवाजही यांचाच. कुणी तालात चुकलं की पेटी थांबवायचे नाहीत, नुसते भुवई वर करून बघायचे. तेवढ्यानं माणूस ताळ्यावर यायचा. घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत हे मोठ्यानं देवाशी बोलायचे. पाऊस, कारखाना, इंदूरला दिलेली आमची लेक, शेजारच्या गुप्ताभाभींची म्हैस, सगळं त्यात यायचं. मी शेवटी 'आमेन' म्हणायची. मला वाटायचं, आमच्या दोघांची प्रार्थना झाली.

आमच्या भगिनी मंडळात एक रीत आहे. तिला साखळी प्रार्थना म्हणतात. सगळ्याजणी गोल बसायचं, एकमेकींचे हात धरायचे, डोळे मिटायचे. एकीनं सुरू करायचं. तिचं संपलं की तिनं शेजारणीचा हात हळूच दाबायचा, मग शेजारणीची पाळी. जिला मोठ्यानं जमत नाही तिनं काही न बोलता पुढचीचा हात दाबायचा. त्यात कमीपणा नाही, रीतच तशी आहे. मी इतकी वर्षं हात दाबतच आले. मार्थाताई माझ्या शेजारी बसायच्या. त्या म्हणायच्या, "तुझ्या स्टॉपवर प्रार्थना कधी उतरतच नाही गं. आली की सरळ पुढे. एक्सप्रेसच आहेस तू!" सगळ्या हसायच्या, मीही हसायची. घरच्या प्रार्थनेतही तसंच. सवयीनं हे माझा हात धरायचे, आपलं संपलं की दाबायचे, आणि मी लगेच उलटा यांचाच हात दाबायची. हे हसून म्हणायचे, "बरं, आमेन."

मग पावसाळा संपता संपता झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा यांच्याकडे एकच आवाज उरला होता, घशातल्या घशात 'अं'. पाणी हवं असलं तरी 'अं', नको असलं तरी 'अं'. हळूहळू तोही बंद केला. चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले तर भिंतीकडे तोंड फिरवलं. मंडळीतले लोक गीत म्हणायला आले तर डाव्या हातानं चादर डोक्यावर ओढून घेतली. लोक समजूतदार होते, पण हळूहळू यायचे थांबले. पेटीवर मी जुनी चादर टाकली, म्हणजे यांना दिसायला नको. डावा हात चांगला होता, पण चमचा धरला की अर्धं सांडायचं, म्हणून घास मीच भरवायची. तोंड मी पुसायची, उशी मी फिरवायची, बटण मी लावायची. मला वाटायचं, यांना जराही त्रास होऊ नये. आणि जितकं मी करत गेले, तितके हे भिंतीकडे जास्त वळत गेले. डॉक्टर म्हणाले होते की माणसानं स्वतः प्रयत्न केला तर सुधारतो, नाहीतर आहे तेही जातं. ते आहे तेही जाताना मला रोज दिसत होतं. अशा वेळी देवाकडे जायचं असतं हे मला ठाऊक होतं. पण देवाशी बोलणारा माणूसच तर गप झाला होता.

तशातच ईस्टरआधीचा उपवासकाळ आला. या दिवसांत आमची मंडळी आजारी माणसांच्या, एकट्या माणसांच्या भेटी घेते. दोघी दोघींनी जायचं, बसायचं, लागेल ती मदत करायची, प्रार्थना करून निघायचं. पाळकसाहेबांनी या वेळी वेदीजवळून नाही, खाली उतरून आमच्यात उभं राहून सांगितलं, "दिवस नाजूक आहेत. आपल्याच माणसांकडे जा. पत्रकं नेऊ नका. कुणी म्हटल्याशिवाय कुणाच्या घरात प्रार्थना करू नका. आपल्यामुळे कुणाला त्रास नको, आणि आपल्यालाही नको." मार्थाताई आणि मी अशी जोडी लागली. जायचं होतं चार इमलीला, मोठ्या अफसरांच्या बंगल्यांच्या वस्तीत, गायकवाड म्हणून नवीन बदली होऊन आलेल्या साहेबांकडे. त्यांच्या पत्नीचं कमरेचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या आमच्याच मंडळीच्या.

त्या दिवशी सकाळीच मार्थाताईंचा फोन आला. गुडघा सुजला होता. मी म्हटलं, "मग आपण पुढच्या आठवड्यात जाऊ." त्या म्हणाल्या, "त्या बाईनं मुद्दाम वाट बघितली असेल. तू जा एकटी. खात नाहीत तुला." मला नाही म्हणता आलं नाही. गुप्ताभाभींना यांच्यापाशी बसवलं, पिशवीत चार केळी घेतली, टॉवेलात गुंडाळून शास्त्राचं पुस्तक, आमचं बायबल, घेतलं आणि बसमध्ये बसले. खरं सांगायचं तर श्रद्धेनं गेले नाही. नाही म्हणायची लाज वाटली म्हणून गेले.

चार इमलीला सगळे बंगले सारखेच दिसतात. मोठाली झाडं, फाटक, फाटकाशी पहारेकरी. बहुतेक पाट्या इंग्रजीत, त्या मला वाचता येत नाहीत. चालता चालता एका फाटकावर देवनागरीत 'गायकवाड' दिसलं. परमुलखात दारावर मराठी आडनाव दिसलं की पाय आपोआप थांबतात. सापडलं एकदाचं, असं वाटून मी आत गेले, पहारेकऱ्यानंही अडवलं नाही. आपल्याकडे गायकवाड ख्रिस्ती असतात, मराठे असतात, बौद्धही असतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्या माहेरच्या गावात तिन्ही होते. पण भोपाळात, त्या एका गल्लीत, दोन गायकवाड असतील हे डोक्यात आलं नाही.

घंटी वाजवायच्या आत दार उघडलं. तिशीतली एक बाई, खांद्याला पर्स, हातात गाडीची किल्ली. "आलात का? बरं झालं! मला वाटलं आजपण कोणी नाही येत. मावशी, किचनमध्ये सगळं सामान आहे. आई आत आहेत. काही खातच नाहीयेत हो, बस दोन घोट चहा. बाबा गेले तेव्हापासून हेच चालू आहे. काहीही बनवा, पण खायला लावा. मला मीटिंगला उशीर होतोय. गार्ड आहे बाहेर, काही लागलं तर त्याला बोला. दुपारी येतेच मी." मी तोंड उघडलं होतं. पण माझ्या तोंडातून शब्द निघायला जितका वेळ लागतो, तितक्यात तिची गाडी फाटकाबाहेर गेलीसुद्धा. कामाला नवीन बाई येणार होती, आणि मीच ती, असं तिला वाटलं होतं.

दिवाणखान्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. कोपऱ्यात देवघर, गणपती, लहानशी समई. म्हणजे हे आमचे गायकवाड नव्हते. हिंदू माणसाच्या घरात, घरची मालकीण बाहेर, आत एकटी आजारी म्हातारी, आणि माझ्या पिशवीत शास्त्र. कुणी पिशवी उघडून बघितलं तर मी काय सांगणार होते? बाटवायला नाही, चुकून आले, म्हटलं तर कोण खरं मानणार होतं? पाळकसाहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. निघून जावं तर म्हातारीला एकटं टाकून कसं जायचं? मी पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे अडकवली, ओट्याला धरून उभी राहिले आणि मनात म्हटलं, "प्रभू, मी चुकले. मला इथून बाहेर काढ." किती तरी महिन्यांनी माझ्या आतून शब्द निघाला होता. तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

आतून आवाज आला, "कोण आहे वो?"

मी दाराशी गेले. पलंगावर एक आजी, ऐंशीच्या पुढच्या, अंगानं वाळलेल्या, पण डोळे टक्क उघडे. मी म्हटलं, "आजी, जेवायला काय करू?"

"काही नको."

"थोडा मऊ भात?"

"नको म्हटलं नं. मऊ भात काय, मी बाळंतीण आहे का?" मग कूस बदलून म्हणाल्या, "गोळाभात येतो का तुला?"

मी म्हटलं, "नाही."

"मग कशाला विचारून राहिली?"

त्यांनीही भिंतीकडे तोंड फिरवलं. ती पाठ मी घरी रोज बघत होते. मी स्वयंपाकघरात परत आले. गोळाभात हा नागपूरकडचा पदार्थ एवढंच ऐकलं होतं, खाल्ला कधी नव्हता. नावात गोळे आहेत आणि भात आहे. डब्यात बेसन दिसलं. त्यात तिखट, मीठ, हळद घालून पाण्यात कालवलं, लाडवासारखे गोळे वळायला गेले तर ते हाताला चिकटायला लागले. तसेच उकळत्या तांदळात सोडले. बघता बघता सगळे विरघळले आणि पातेल्यात पिवळा चिखल झाला. खाली लागू नये म्हणून मी पळीनं ढवळायला लागले.

पळीचा आवाज आत गेला असावा. "ढवळून राहिली का?" आजी ओरडल्या. मी घाबरून म्हटलं, "हो." "अगं, गोळाभात ढवळतात का! पिठलं करून राहिली का तू?" माझा हात थांबेना, कारण खाली लागत होतं. थोड्या वेळानं मागे खुरडण्याचा आवाज आला. बघते तर आजी एका हातानं भिंत धरून, दुसऱ्या हातानं निऱ्या सावरत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. त्यांनी पातेल्यात वाकून बघितलं. "अरे देवा," म्हणाल्या, "हे तर गाईलाही नाही चालणार. काढ ते. दुसरं पातेलं घे. खुर्ची दे मला."

मग त्या खुर्चीत बसून मला सांगत गेल्या आणि मी करत गेले. बेसनात आधी कडकडीत तेल घालायचं, पाणी नावापुरतं, गोळा घट्ट हवा. भात अर्धा होऊ द्यायचा, मग गोळे वर अलगद ठेवायचे आणि झाकण घालून वाफेवर सोडायचं. "आता हात लावायचा नाही," आजी म्हणाल्या. "तुला हात लावायची भारी घाई." मी झाकणाकडे बघत उभी राहिले. फोडणी मात्र त्यांनी स्वतः उभं राहून केली. लसूण तेलात पडला आणि सगळं घर भरून गेलं. आजींनी एक मोठा श्वास घेतला, आणि मला वाटतं, भूक तेव्हाच लागली असावी. टेबलाशी बसून त्यांनी एक वाढ घेतली, मग थोडा अजून घेतला. "तू पण घे," म्हणाल्या. "उभी काय राहिली पहारेकऱ्यासारखी?" मीही बसले आणि खाल्लं. माझे दोन गोळे फुटलेले होते, ते त्यांनी माझ्याच ताटात टाकले.

जेवण झाल्यावर म्हणाल्या, "भांडी घास आणि उद्या लवकर ये. उद्या भाकरी बघू तुझी." मी भांडी घासली. पण त्या 'उद्या'ला मला 'हो' म्हणवेना. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्यांनी मला त्यांच्या ताटाशी बसवलं होतं. ओले हात पदराला पुसून मी त्यांच्यासमोर गेले आणि म्हटलं, "आजी, मी कामाची बाई नाही. मी चुकून आले. मी ख्रिस्ती आहे. आमच्यातल्या एका गायकवाडबाई आजारी आहेत, त्यांना भेटायला निघाले होते. पाटी बघून तुमच्या घरात शिरले." आणि पिशवी आणून, टॉवेल सोडून, पुस्तकही त्यांच्यापुढे ठेवलं. म्हणजे लपवलं असं राहायला नको.

आजींनी पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, देवघराकडे बघितलं. मग त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग खोकला आला, मग डोळ्यांत पाणी. "अगं बाई! म्हणजे पाहुणीकडून मी भांडी घासून घेतली? आणि तू घासलीस पण? तोंड नाही का तुला?"

मी म्हटलं, "लवकर नाही येत."

"दिसून राहिलं." त्यांनी डोळे पुसले. "यांच्या मागं पहिल्यांदा हसली मी. सून रोज हातापाया पडते, खा, खा. डॉक्टर आणते. मी नाही उठली. तू शहाणी असतीस नं, तर मी आजही झोपूनच राहिली असती. तू चुकून राहिली होती म्हणून मी उठली. कुणाला तरी माझी गरज पडली, असं वाटलं."

हे बोलून त्यांनी विचारलं, "घरी कोण असतं तुझं?" आणि मी, जी बहिणीलाही फोनवर "बरं आहे" एवढंच सांगते, त्या अनोळखी बाईंना सगळं सांगितलं. पेटी, झटका, भिंत, भरवलेला घास, आणि मला प्रार्थना येत नाही हेही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "आमचे हेही शेवटी असेच होते. मी त्यांना हात हलवू दिला नाही. वाटायचं, सेवा करून राहिली आपण." पुढे त्या फोटोकडे बघत बसल्या. मग पुस्तकाला टॉवेल पुन्हा नीट गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी काही म्हणायचं असेल तर मनात म्हण. माझा गणपती काही रागावत नाही. आणि चल, तुझे खरे गायकवाड दाखवते. समोरच आहेत. इंग्रजी पाटी आहे त्यांची."

त्या पायांत चपला घालून, माझा दंड धरून, फाटकाबाहेर आल्या. पहारेकरी उठून उभाच राहिला. "अम्माजी, आप?" आजी म्हणाल्या, "क्यों, मैं नहीं जा सकती?" समोरच्या घरात आमच्या गायकवाडबाई पलंगावर उशीला टेकून एकट्याच बसल्या होत्या. दोन्ही घरांच्या मध्ये एक रस्ता, आणि दोन्हीकडे दिवसभर मराठी बोलायला माणूस नाही म्हणून दोघी घुसमटत होत्या. मी केळी ठेवली. मी काही बोलण्याआधीच आजींनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" आणि त्या दोघींचं जे सुरू झालं त्यात माझी गरजच उरली नाही. निघताना गायकवाडबाईंनी प्रार्थनेचं विचारलं. मी तेव्हाही मोठ्यानं केली नाही. तिघींनी नुसते डोळे मिटले.

फाटकाशी सून भेटली. घरात सासू नाही म्हणून ती घाबरीघुबरी बाहेर आली होती. तिला सगळं कळल्यावर तिचा चेहरा उतरला. "काकू, माफ करा हं, मी तुम्हाला विचारलंसुद्धा नाही." मग तिची नजर माझ्या पिशवीवर गेली. ती जरा थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "लोक आजकाल काय काय बोलतात, तुम्हाला माहीतच आहे. पण आईंना भेटायला येत जा. माझ्या यांच्या कानावर मी घालते." मी म्हटलं, "मी भात शिकायला येईन." ती हसली. तिची भीती मला समजली, कारण तीच भीती दिवसभर माझ्याही पिशवीत होती. डब्यात उरलेला गोळाभात तिनं मला बांधून दिला.

घरी आले तेव्हा उन्हं उतरली होती. गुप्ताभाभी गेल्यावर मी ताटलीत भात वाढला आणि चमचा उचलला. आणि आजींचं वाक्य आठवलं, तुला हात लावायची भारी घाई. मी यांच्या पाठीला उशी लावून बसवलं, ताटली मांडीवरच्या पाटावर ठेवली, चमचा यांच्या डाव्या हातात दिला आणि आत निघून आले. चुलीशी काहीच काम नव्हतं. नुसती उभी राहिले. चमचा ताटलीला लागल्याचा आवाज आला, मग पडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर धावत जावंसं वाटत होतं. मग पुन्हा चमच्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघितलं तर शर्टावर भात, चादरीवर भात, आणि ताटली जवळजवळ रिकामी. यांनी माझ्याकडे बघितलं. भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

मग मी पलंगाशी खाली बसले. प्रार्थनेची वेळ झालीच होती. आधी एक गीत म्हणायचं ही आमच्या घरची पद्धत. इतके महिने आमच्या घरात गीत झालं नव्हतं, कारण म्हणणारे हे. मी माझ्या आईच्या आवडीचं गीत सुरू केलं. मला गाता येत नाही. हे मी लाजून सांगत नाही, खरंच येत नाही. दुसऱ्या ओळीतच ताल सुटला, तिसरीत आवाज कुठे तरी वर गेला. तरी मी थांबले नाही. आणि तेव्हा पलंगाच्या लाकडावर टकटक ऐकू आली. यांची डावी बोटं, सावकाश, चुकत, पुन्हा धरत, माझा ताल सुधारत होती. मी वर बघितलं. यांची एक भुवई वर गेली होती.

ते गीत मी कसं संपवलं मला आठवत नाही. मग डोळे मिटले आणि नेहमीसारखा यांचा हात धरला, डावा. सुरुवात यांनी करायची ही रीत. मी वाट बघत बसले. बाहेर भाजीवाल्याची हाक आली आणि गेली. यांच्या घशात काही तरी हललं, शब्द झाला नाही. आणि मग यांनी माझा हात दाबला. स्पष्ट दाबला, एकदाच. जसा मी इतकी वर्षं यांचा दाबत आले होते तसा. माझ्यानं होत नाही, तू कर.

साखळीत माझ्यापुढे दुसरं कोणी नव्हतं. मला पुढे ढकलायला जागाच नव्हती. मी मोठ्यानं प्रार्थना केली. फार काही सुचलं नाही. "प्रभू, आम्ही इथे आहोत," म्हटलं. आजींचं नाव घेतलं, त्यांच्या सुनेचं घेतलं, समोरच्या गायकवाडबाईंचं, मार्थाताईंच्या गुडघ्याचं. सांडलेल्या भाताबद्दल आभार मानले. गुप्ताभाभींच्या म्हशीलाही विसरले नाही, कारण हे विसरत नसत. शेवटी 'आमेन' म्हणायला थांबले, तर माझ्या 'आमेन'च्या आधी यांच्या घशातून आवाज आला. 'अं.' त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता.

यांची वाचा अजून परतलेली नाही. दोन-तीन शब्द येतात, तेही दिवस बघून. पेटीवरची चादर मात्र मी काढली आहे. भाता मी हलवते आणि हे डाव्या हातानं एक एक सूर शोधतात. पाळकसाहेब येतात तेव्हा हे त्यांच्याकडे तोंड करून बसतात. चार इमलीला मी अधूनमधून जाते. माझा गोळा अजून फुटतो आणि आजी अजून रागावतात. रागवायला सोबत म्हणून समोरच्या गायकवाडबाईंनाही काठीच्या आधारानं चालवत आणतात.

चुकीच्या दारात मला कुणी नेलं, देवानंच ना, असं मार्थाताई विचारतात. मी वाद घालत नाही. पाटी मी वाचली, चूक माझी होती, एवढं मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी ओट्याला धरून "मला इथून बाहेर काढ" म्हटलं होतं, आणि देवानं ते ऐकलं नाही, याचे मी रोज आभार मानते. मला वाटायचं, स्वतःला देवाच्या हातात सोपवायचं म्हणजे काही तरी मोठं, धीराचं करायचं, आणि ते माझ्यासारखीला कुठून जमणार. आता वाटतं, झाकण घातल्यावर हात काढून घ्यायचा आणि आपली पाळी आली की हात पुढे न दाबता तोंड उघडायचं, एवढंच असेल. संध्याकाळ झाली आहे. हे पलंगाच्या कडेवर बोटं वाजवत आहेत, म्हणजे मला बोलावत आहेत. आज पहिली पाळी माझी.